जन्माचं ऑनसाइट

'किती दिवस राहिलीस गं तिकडे?'

'सात महिने.'

'बस्स? आणि जायचं किती दिवसांसाठी होतं?'

'दोन वर्षं, आजी.'

आजींनी पानातली जिलेबी मोडली, अर्धी माझ्या पानात टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, 'आमच्या फॅररबाई चौतीस वर्षं राहिल्या.'

स्थळ : नगर. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडातलं नगर जायला वेळ लागणार.) प्रसंग : माझ्या टीममधल्या मैत्रिणीच्या मावसभावाचं लग्न. आजी तिच्या, फॅररबाई कोण ते मला माहीत नव्हतं. असतील यांच्या शाळेतल्या कुणी कडक बाई, असं वाटलं. म्हणून विचारलं, 'कधी रिटायर झाल्या?'

'रिटायर कसल्या? इथेच गेल्या. १८६२ साली.'

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या बाईबद्दल आजी अशा बोलत होत्या की जणू परवाच भाजी आणताना भेटल्या होत्या.

आता जरा माझ्याबद्दल. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना सांगायला नको, ऑनसाइट हा शब्द आपल्याकडे वरात निघावी तसा निघतो. मला ओहायोचं पोस्टिंग मिळालं तेव्हा आईने तीन लिटरचा कुकर, दोन किलो मेतकूट आणि चुलतमावशीच्या नणंदेचा न्यू जर्सीतला फोन नंबर बॅगेत घातला. कंपनीने तिकिट, इन्शुरन्स, महिनाभराचं हॉटेल दिलं. तरी मी सात महिन्यांत परतले. कारण विचारलं की मी 'प्रोजेक्ट रॅम्प डाउन झाला' असं सांगते. खरं कारण असं की रविवारी दुपारी त्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजचा आवाज सोडून दुसरा आवाज नसायचा आणि मला ते झेपलं नाही. परत आल्यावर बेंचवर बसवलं. म्हणजे पगार चालू, काम नाही. त्या मोकळ्या दिवसांत आजींच्या फॅररबाईंनी माझा ताबा घेतला. मैत्रिणीने अमेरिकन मिशनचे जुने अहवाल स्कॅन केलेले पाठवले आणि मी वाचत सुटले.

आणि मग सगळ्यात आधी हसू आलं ते त्यांच्या व्हिसाच्या भानगडीचं.

बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, मुंबईत उतरली ११ फेब्रुवारी १८१३ रोजी. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापाराचं काय, हा रोकडा प्रश्न. त्यात १८१२ मध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे दोघे थेट शत्रूराष्ट्राचे नागरिक. कलकत्त्यात त्यांना परत जायचा हुकूम मिळाला, तो चुकवून हे मुंबईला आले. इथेही तोच हुकूम. मग गुपचूप गलबतात बसून कोचीनला गेले, तिथून धरून परत मुंबईत आणले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने बरा माणूस, त्याने दिवस ढकलत ठेवले. त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं. इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहिल्यावर मी आईला फोन करून रडले होते, हे इथे नमूद करून ठेवते.

राहायला मिळालं, पुढे काय? पुढे भाषा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यायचा होता १८३१ मध्ये. म्हणजे मधली अठरा वर्षं पंडित ठेवायचा, त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं आणि ळ आणि ल मधला फरक जिभेला शिकवायचा. सकाळी पंडित, दुपारी भाषांतर, संध्याकाळी बाजार, देवळाबाहेरचे कट्टे, तळ्याकाठ. जिथे चार माणसं बसलेली दिसतील तिथे जाऊन आपल्या मोडक्या मराठीत बोलायचं. लोक ऐकायचे, वाद घालायचे, हसायचे, उठून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत धर्मांतरं झाली ती बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याकडे असा परफॉर्मन्स असता तर दुसऱ्या क्वार्टरलाच एचआरने चहाला बोलावलं असतं.

घरी पत्र पाठवलं की ते जहाजाने पोचायला चार-सहा महिने. उत्तर यायला तितकेच. म्हणजे आई गेल्याचं पत्र हातात पडेपर्यंत तिच्यासाठी रोज प्रार्थना चालूच असणार. हे वाचलं त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून आईला विनाकारण मिस्ड कॉल दिला.

एका देवळाच्या ओवरीत

हॉलबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. त्याने इथेच एका इंग्रज मुलीशी, मार्गारेट लुईसशी लग्न केलं. मुलं झाली, काही गेली. १८२५ मध्ये उरलेल्या दोन मुलांना घेऊन मार्गारेट अमेरिकेला निघाली, कारण इथल्या हवेत ती जगतील असं वाटेना. तो इथेच राहिला. जहाजावर थोरला मुलगा वारला. धाकटा वाचला, पुढे बापाच्याच नावाने मॅसॅच्युसेट्समध्ये पाळक झाला.

इकडे मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे गेला होता. तिथे पटकीची साथ. पटकी म्हणजे कॉलरा, माणूस सकाळी बरा आणि संध्याकाळी संपलेला. जवळचं औषध त्याने लोकांना वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओवरीत रात्रीपुरता आडवा झाला, पहाटे त्यालाच पटकी झाली आणि तेव्हा पिशवीत औषध पुरेसं उरलेलं नव्हतं. २० मार्चला तो गेला. वय ४१. सोबत मिशनची दोन पोरं, त्यांनीच त्याला पुरलं.

ज्या मूर्तिपूजेविरुद्ध तो तेरा वर्षं बोलत राहिला, तिच्याच दारातल्या सावलीत त्याला शेवटचं टेकायला मिळालं. त्या गावातल्या कुणी त्याला तिथून हाकललं नाही. मला या हकिगतीत ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, पण मिशनच्या लिखाणात तिच्यावर भर नाही. भर त्याच्या हौतात्म्यावर आहे.

बाई आल्या

सिंथिया फॅरर जून १८२७ मध्ये बोस्टनहून निघाली आणि डिसेंबर संपता संपता मुंबईत पोचली. वय ३२, लग्न झालेलं नाही. आज आपल्या पुण्या-मुंबईतसुद्धा या वयाच्या मुलीला लग्नाच्या पंगतीत काय काय ऐकावं लागतं ते मला विचारा. त्या काळी अविवाहित बाईला एकटीला समुद्रापार पाठवायचं म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने नसती जोखीम. पण मुंबईहून मागणी आली होती. मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या, त्यांना बघायला पूर्णवेळ माणूस हवा होता आणि मिशनऱ्यांच्या बायका बाळंतपणं, ताप आणि घर यात अडकलेल्या. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या एकट्या बायकांपैकी ही एक.

तिचं रोजचं काम ऐकायला अगदी साधं. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं. शाळा म्हणजे कुणाच्या तरी घरातली ओसरी किंवा भाड्याची खोली. शिक्षक बहुतेक ब्राह्मण पुरुष, कारण शिकलेले तेच. मुली किती आल्या, अक्षर कुठवर आलं, शिवण कसं आहे, हे बघायचं. मग घरोघर जाऊन न आलेल्या मुलींच्या आयांशी बोलायचं. मुलगी शिकली की नवरा मरतो, हा समज आपल्या पणज्यांच्या पिढीपर्यंत होताच. आणि दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न ठरलं की मुलगी गेली. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा श्रीगणेशा. (हा शब्द बाईंना खपला नसता.) असं वर्षानुवर्षं. त्यात कुठे कुणाचा बाप्तिस्मा झाल्याची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी वर्ग ओस. मिशनचं खरं उद्दिष्ट यशस्वी झालं की बाईंचं काम बुडणार, असा हा विचित्र हिशोब.

१८३७ मध्ये तब्येत पार बिघडली म्हणून ती अमेरिकेला गेली. इथे मी वाचताना थांबले. मला वाटलं, आता राहील ही तिकडेच. कुणीही राहिलं असतं. दहा वर्षं कमी झाली का? पण १८३९ मध्ये बाई परत हजर. आणि आता मुंबईत नाही, नगरला. नगरचं ठाणं १८३१ मध्ये उघडलं होतं आणि ते उघडणाऱ्यांतला विल्यम हर्वी वर्षभरात पटकीनेच गेला होता. तिथे तिने पुन्हा मुलींच्या शाळा चालवल्या.

पुढचं तुम्हाला अर्धंमुर्धं माहीत असेल. पुण्याचा एक तरुण मित्राबरोबर नगरला आला आणि त्याने फॅररबाईंची शाळा पाहिली. आपल्याकडे हे का नाही, असं त्याला वाटलं आणि पुण्याला परतून १८४८ मध्ये त्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव फुल्यांनी ही नगरभेट पुढे स्वतःच सांगितली आहे. सावित्रीबाईंच्या शिक्षणाबद्दल लिहितानाही चरित्रकार फॅररबाईंचं नाव घेतात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. बोस्टनच्या रजिस्टरात या भेटीसाठी कुठला कॉलम असणार? शून्य.

रजिस्टरवरून आठवलं. १८५४ मध्ये हेड ऑफिसची व्हिजिट झाली. हो, अगदी तशीच. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन खुद्द बोस्टनहून पाहणीला आले. मुंबई पाहिली, नगर पाहिलं, बैठका घेतल्या आणि निष्कर्ष काढला की शाळांवर, त्यातही इंग्रजी शाळांवर, फार खर्च होतोय. आपलं काम धर्मप्रसार, मंडळ्या उभ्या करणं आणि त्या स्थानिक माणसांच्या हाती देणं. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. वर्षानुवर्षं खपलेल्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल ते ज्यांचा प्रोजेक्ट एका कॉन्फरन्स कॉलवर बंद झालाय त्यांनाच कळेल. गंमत म्हणजे अँडरसनचा मूळ मुद्दा चुकीचा नव्हता. इथल्या माणसांच्या हाती सोपवा, हे तो म्हणाला, आणि तेच इथे बसलेल्या भल्याभल्यांना जमत नव्हतं.

मुलींच्या शाळेच्या बाई मात्र टिकल्या. जानेवारी १८६२ मध्ये नगरातच गेल्या. आजींचं चौतीस वर्षांचं गणित बरोबर होतं. मधली आजारपणाची रजा त्यांनी माफ केली होती, इतकंच.

तंबू, बैलगाडी आणि बुलबुल

सगळंच काही रडगाणं नव्हतं बरं का. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मिशनरी दौऱ्यावर निघायचे. बैलगाडीत तंबू, पुस्तकांची पेटी, औषधांची पेटी. गावाबाहेर आमराईत मुक्काम. सकाळी गावात प्रवचन, दुपारी औषध घ्यायला रांग. प्रवचनापेक्षा रांग मोठी, हे सांगायला नकोच. उन्हाळ्यात झेपेनासं झालं की महाबळेश्वर. आपण जिथे स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो तिथे हे तापातून उठायला जायचे, आणि अॅलन ग्रेव्ह्ज नावाचा त्यांच्यातला एक जण तिथेच १८४३ मध्ये वारला.

माझा लाडका मात्र सॅम्युअल फेअरबँक. हा १८४६ मध्ये आला आणि नेवाशाकडच्या वडाळ्याला घर करून राहिला. त्या गावाला आजही वडाळा मिशन म्हणतात. शेतकऱ्यांबरोबर लोखंडी नांगराचे प्रयोग कर, मराठी गीतं लिही आणि वेळ मिळेल तेव्हा पक्षी बघ. मुंबई इलाख्यातल्या पक्ष्यांवर त्याने पुस्तिकाच लिहिली. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहे. ऑफिसच्या कामाव्यतिरिक्त एखादं वेड असलं की माणूस परमुलखात टिकतो, अशी माझी थिअरी आहे. माझ्याकडे ओहायोत फक्त नेटफ्लिक्स होतं.

याच मंडळींच्या नगरात १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं त्याच जिल्ह्यात. कृष्णराव सांगळ्यांसारखे मराठी ख्रिस्ती कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगासकट येशूची कथा लावायचे. बाजारात चाळीस वर्षं उभं राहून जे जमलं नाही ते वीणा-मृदंगाने केलं. लोक बसून ऐकायला लागले. आणि हे सुचलं ते इथल्या माणसांमुळे.

आता ती अवघड गोष्ट

हे सगळं मी घरी उत्साहाने सांगत होते तेव्हा माझे काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, 'सेवा कसली? बाटवायला आले होते.'

मी वाद घातला नाही, कारण ते खोटं नाही. ते त्याचसाठी आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. त्यांची पत्रं वाचताना माझंही डोकं कितीदा फिरलं. आपली सगळी माणसं म्हणजे अंधारात चाचपडणारे बिचारे, आपले संत त्यांच्या खिजगणतीत नाहीत, आपल्या आज्या-पणज्या म्हणजे अडाणी बायका. इतकी वर्षं राहून या माणसांना शेजाऱ्यात काही शिकण्यासारखं दिसू नये? काहींना उशिरा दिसलं. जस्टिन अॅबटने म्हातारपणी अमेरिकेत बसून एकनाथ-तुकारामांची चरित्रं इंग्रजीत नेली. पण त्याआधीची कित्येक दशकं गेलीच.

हेच वाक्य मी, काकांचं म्हणून, पुढच्या नगरच्या खेपेला आजींना सांगितलं. जरा भीत भीतच. मैत्रीण टेबलाखालून लाथ मारत होती.

आजी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुझ्या काकांच्या पणजोबांना विहिरीवर पाणी भरू द्यायचे ना गं?'

मी गप्प.

'आमच्या पणजोबांना नव्हते देत. पंगतीत कुणी बसवलं नव्हतं. या गोऱ्यांनी शेजारी बसवलं. आधी पोटभर जेवले, मग देवाचं ऐकलं. आता तू याला बाटणं म्हण नाहीतर काही म्हण. माझी आजी बायबल वाचायची. तिच्या वाडीत वाचता येणारी ती एकटी बाई. तलाठी कागद घेऊन आला की लोक तिला बोलवायचे.'

नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग समाजांतून, हे अहवालांतही आहे. जात सोडून एकत्र जेवणं ही अट अमेरिकन मिशनने पक्की धरली होती. ती त्यांना किती महाग पडली आणि इथल्या ज्यांनी ती पाळली त्यांना त्याहून किती, ते माझ्या काकांच्या वर्तमानपत्रात येत नाही. माझ्या मैत्रिणीला मात्र त्याचा हप्ता अजून भरावा लागतो. 'आडनाव तर मराठी आहे, मग ख्रिश्चन कशी?' हा प्रश्न आमच्या कॅन्टीनमध्ये दर सहा महिन्यांनी नवा जॉइन झालेला कुणीतरी विचारतोच. त्याच्या पुढचा, 'म्हणजे आधी कोण होतात?' हा प्रश्न काही जण तोंडाने विचारतात, काही डोळ्यांनी.

आणि उलटीकडची गंमत ऐका. १८१७ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनने मराठीत छपाई सुरू केली, बायबल छापायला. पुढे त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमने देखणे देवनागरी टाइप घडवले. तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. तुमच्या आजोबांच्या देवघरात पोथी असेल आणि भिंतीवर निर्णयसागरचं पंचांग टांगलेलं असेल, तर काकांच्या भाषेत कोण कुणाला बाटवून गेलं ते तुम्हीच ठरवा.

लग्नातलं गाणं

त्या पहिल्या लग्नाचं एक राहिलं. ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये लग्न लागलं तेव्हा मला सिनेमातल्यासारखं ऑर्गन वगैरे अपेक्षित होतं. सुरू झाली ती पेटी आणि तबला. सगळं चर्च तोंडपाठ गात होतं, चाल सरळ अभंगाची. शेजारच्या बाईंनी 'उपासना संगीत' नावाचं गीतांचं पुस्तक माझ्यासमोर धरलं. खाली रचनाकाराचं नाव, ना. वा. टिळक.

टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला या मिशनमध्येच शिकवायला आले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे त्यांचं घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मिशनरी आपले पाहुणे आहेत, मालक नाहीत, हे या माणसाला कळत होतं आणि तो ते बोलून दाखवायचा. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेरही पडला. पण त्याची गाणी चर्चमध्ये राहिली. मिशनऱ्यांनी शिकवलेल्या कित्येक परदेशी चाली मागे पडल्या. रूफस अँडरसन बोस्टनहून येऊन जे सांगून गेला होता, ते या नाशिककडच्या हट्टी कवीने करून दाखवलं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही.

निघताना आजींनी पुन्हा विषय काढलाच. 'तिकडे शेजारी कोण होतं तुझ्या?'

एक म्हातारी बाई होती. माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा घाबरून दार वाजवत आली होती. मी कुकर दाखवला, ती खूप हसली, मी सॉरी म्हटलं, दार लावलं. नंतर लिफ्टमध्ये भेटायची. सात महिने.

'नाव काय तिचं?'

मला सांगता आलं नाही. आजींनी पुढे काही विचारलं नाही. डब्यात जिलेब्या भरत राहिल्या.

परवा मैत्रिणीला पोस्टिंग मिळालं. कॅनडा, दोन वर्षं. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोनच? काल ती माझा कुकर न्यायला घरी आली होती. गॅस्केट चांगलं आहे, मी तिला सांगितलं, शिट्टी तेवढी नवी घे. जुनी ओहायोतच राहिली.